ॲलर्जीमुक्त घर, मधली खोली सोडून

१२ डिसेंबर २०११, सोमवार. रात्री

आत्ताच अकोल्याहून हिवरखेडला परत. छकुलीला डॉक्टरला दाखवायला मी, अमोल आणि सूनबाई गेलो होतो. निदान : ॲलर्जी. दिवाळीपासून पोरीची छाती रात्री जी सूं सूं वाजते ती साधी सर्दी नव्हे. घरातलं काहीतरी तिला सोसत नाही, आणि ते काढलं नाही तर पुढे दमा होईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या काहीतरीला ॲलर्जन म्हणतात. हे मला सांगायची गरज नव्हती. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे.

डॉक्टरनं विचारलं, घरात धूळ, मांजर, ओल, धूर, कापूस असं काही आहे का? सूनबाई तोंड उघडणार तोच मी सांगितलं की घर एकदम क्लीन आहे, थोडीफार धूळ असेल. आता कापसाचं काय सांगायचं? या गावात कापूस नसलेलं घर दाखवा. आणि कापूस म्हणजे काय केरकचरा आहे? वावरात दही-भात शिंपडून, सीतादही करून, पहिल्या बोंडांना हळद-कुंकू वाहून घरी आणलेली लक्ष्मी आहे ती. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेली आहे. दाराला पडदा आहे. पडदा असताना ॲलर्जीचा प्रश्न येतोच कुठे?

सूनबाई स्टँडवरूनच छकुलीला घेऊन परतवाड्याला, माहेरी गेली. सगळ्या लोकांसमोर म्हणाली, 'बाबा, घर साफ झालं की कळवा, मग येऊ आम्ही.' जसा काही आम्ही उकिरड्यावर संसार मांडला आहे. अमोल माझा मुलगा, पण तो बायकोची पिशवी धरून उभा.

निश्चय : संक्रांतीला छकुली याच घरात तीळगूळ खाईल, आणि तिची छाती वाजणार नाही. घर मी असं करतो की डॉक्टरनं येऊन फोटो काढावा. प्लॅन उद्यापासून.

१३ डिसेंबर, मंगळवार

पेपरची जुनी पुरवणी सापडली. 'घरातली धूळ आणि आपलं आरोग्य.' वाचली आणि चहा तसाच ठेवला. उशीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. माणसाची गळालेली कातडी खातात आणि तिथेच हगतात. ते नाकात गेलं की शिंका. म्हणजे लग्नापासून मी कशावर तोंड ठेवून झोपतो आहे? शिसारी आली. रुख्मिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मले कायले सांगता? तुमच्याच कातडीवर पोसले असतील. मी तं उशी घेतच नाई.' हे खरं निघालं. ती हातावर डोकं ठेवून झोपते. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

दुपारी सगळं अंथरूण-पांघरूण गच्चीवर नेलं. एका गादीच्या शिवणीत ढेकूण. एका गोधडीत झुरळांची अंडी. पाहुण्यांच्या उशीत चघळलेला तंबाखू, वाळलेला. पाहुणे कोणते ते मला माहीत आहे. परतवाड्याचे. आणि म्हणे आमचं घर घाण.

मानेला, हातांना खाज. डास वाढले आहेत. ग्रामपंचायत झोपली आहे.

१६ डिसेंबर, शुक्रवार

आज मांजर. मांजराचे केस हे एक नंबरचे ॲलर्जन. हे मांजर आमचं नाही, पण पडद्याखालून मधल्या खोलीत शिरतं आणि कापसात बाळंत होतं. मागच्या वेळची घाण अजून कोपऱ्यात आहे. पाहवत नाही.

पोत्यात घालून अमोलबरोबर जीपनं तेल्हाऱ्याला पाठवून दिलं. तिथे त्याचं मोबाइलचं दुकान आहे, मागच्या गल्लीत सोडायला सांगितलं. रुख्मिणी म्हणाली, 'मांजर गेलं तं कापसात उंदरं होतील.' अमोल म्हणाला, 'बाबा, मांजराच्या आंधी कापूसच काहाडा ना. मी उद्याच गाडी सांगतो.' दोघांचंही मूळ मुद्द्यावर लक्ष नाही. मुद्दा स्वच्छतेचा आहे.

१९ डिसेंबर, सोमवार

कापसाबद्दल एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. मी हट्टी नाही. गेल्या वर्षी अमोलचं ऐकून नोव्हेंबरातच माल विकला. शेजारच्या देवमननं मार्चपर्यंत दाबून ठेवला, आणि मार्चमध्ये भाव कुठल्या कुठे गेला. देवमननं फटफटी घेतली. ती तो रोज सकाळी माझ्या दारासमोर चालू करतो. किक मारतो, बंद पाडतो, पुन्हा मारतो. धूर सगळा आमच्या ओसरीत. धूर हे ॲलर्जन आहे, हे मी त्याला आज सांगितलं. तो म्हणाला, 'गुर्जी, औंदा भावाचं काई खरं नाई. मी तं इकला. तुमीबी इकून टाका.'

म्हणजे भाव चढणार, हे नक्की. ज्याअर्थी देवमन विका म्हणतो त्याअर्थी विकू नये. मार्चपर्यंत थांबायचं. पेन्शन आहे, घाई कशाला? आमचं वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करणाऱ्या सहदेवनं आपला वाटा तर कधीच विकला. लोकांत धीर नाही.

२३ डिसेंबर, शुक्रवार

उंदीर. मधल्या खोलीत रात्रभर खुडबुड. सकाळी पडद्याखाली लेंड्या, काळ्या, ताज्या. एक माझ्या चपलेत. पाय घातल्यावर कळलं. दिवसभर तो पाय धूत होतो.

रुख्मिणीनं बादली भरून आणून ठेवली. मांजराचं नावसुद्धा काढलं नाही. ते जास्त वाईट.

कणकेच्या गोळ्यांत औषध घालून कापसाच्या चारी बाजूंनी ठेवलं. काम सायंटिफिक पद्धतीनं केलं पाहिजे.

२७ डिसेंबर, मंगळवार

औषधाचा रिझल्ट शंभर टक्के. उंदीर मेला. कुठे मेला ते कळत नाही.

वास येतो आहे. आधी वाटलं नाली तुंबली. मग वाटलं देवमनच्या गोठ्याचा. आता मान्य करावं लागतं की वास मधल्या खोलीतून आहे. कापसाच्या आत कुठेतरी. गोड, घट्ट, घशाशी येणारा. जेवताना वरणातसुद्धा तोच. दोन घास खाल्ले आणि उठलो.

३१ डिसेंबर, शनिवार

आज कापसात उतरलो. तोंडाला रुमाल, हातात काठी. कमरेपर्यंत आत गेलो, मग छातीपर्यंत. जिथे वास जास्त वाटे तिथे उकरावं तर वास दुसऱ्या बाजूनं येई. बोटांना एकदा काहीतरी ओलं लागलं. ओरडत बाहेर आलो. दिवाळीतली वांगी निघाली, पिशवीत बांधलेली. कोणी ठेवली ते कोणी कबूल करत नाही.

उंदीर सापडला नाही. सगळ्या घरात कापसाची धूळ, डोळे लाल, पन्नास तरी शिंका. ही धूळ जुन्या भिंतींची आहे. चुना निघाला आहे.

उपाय : फिनाईल, डांबरगोळ्या, उदबत्त्या. सगळं एकदम. आता वास उंदराचा येत नाही. कशाचा येतो ते सांगता येत नाही. रुख्मिणी न्हाणीघरात जाऊन ओकून आली. म्हणाली, 'या वासात लेकराले आणता? तुमचं डोकं ठिकाणावर हाय काय?' संक्रांतीपर्यंत वास उतरेल. वर्षाचा शेवट असा व्हायला नको होता.

३ जानेवारी २०१२, मंगळवार

नवीन वर्ष, नवीन दिशा. छकुलीसाठी नवी गादी, नवी उशी. जुन्या अंथरुणात किडे आहेत हे सिद्ध झालंच आहे. सूनबाईनं फोनवर सांगितलं की डॉक्टर फोमची गादी आणि वर रेक्झिनचं कव्हर घ्या म्हणतात. प्लास्टिकवर झोपवायचं पोरीला? घरात लक्ष्मी भरलेली असताना बाजारातून स्पंज आणायचा? घरच्या कापसाची गादी. शुद्ध. कुठून आला, कोणी वेचला, सगळं माहीत.

गादीवाल्या अब्दुल रहीमला बोलावलं. तो म्हणाला, 'गुर्जी, ये तो सरकीवाला माल है. पयले जिनिंगमधून सरकी काढून आना, मंग दुकानात मशीनवर पिंजून देतो.' सरकी काढून आणली. पण पिंजायला दुकानात नाही, माझ्या डोळ्यांसमोर, अंगणात. दुकानात माल बदलतात. तो म्हणाला बापाची जुनी पिंजायची धनुकली आहे माळ्यावर, पण सगळ्या घरात उडेल आणि मग भाभी मला बोलतील. मी म्हणालो, भाभींचं मी बघतो.

५ जानेवारी, गुरुवार

उडालं. तुळशीवर, दुधात, देवांवर, रुख्मिणीच्या केसांत. अब्दुल रहीम ढंग ढंग करत होता आणि वारा नेमका घरात. दुपारी तोसुद्धा खोकायला लागला आणि म्हणाला, 'बाकी का कल पे छोड देता हूं, गुर्जी, मले दुसरीकडं जायचं हाय.' त्याला बसायला लावलं आणि पूर्ण करून घेतलं.

रुख्मिणीनं चार वेळा झाडलं. प्रत्येक झाडणीत सगळं हवेत आणि पुन्हा खाली. पण हे लक्षात घ्यावं की हे ताजे तंतू आहेत. धूळ वेगळी.

गादी मात्र अप्रतिम. लहान, जाड, वर गुलाबी कापड. हात ठेवला तर ऊब लागते. छकुलीला आवडेल. ती अशी मऊ वस्तू दिसली की तोंड खुपसते.

८ जानेवारी, रविवार

वास गेला. पूर्ण. फिनाईलचा विजय. रुख्मिणी म्हणते वाळला असेल. काहीही असो.

घरभर एक चक्कर मारली. कोळ्याचं जाळं नाही, मांजर नाही, ओल नाही, उशा नव्या. हिवरखेडात असं घर दुसरं नाही. परतवाड्याला फोन केला : या. सूनबाईनं विचारलं, 'बाबा, मधली खोली?' मी म्हणालो, सगळं घर बघून घे, मग बोल. हे उत्तर चांगलं होतं.

१४ जानेवारी, शनिवार

आले. छकुली जीपमधून उतरून सरळ माझ्या पायांना बिलगली. उचलून घेतलं. वजन कमी झालं आहे, परतवाड्याला खायला घालत नाहीत वाटतं. गादीवर उड्या मारल्या. मला म्हणाली, 'आबा, ही माही?' मी म्हणालो, तुझीच.

सूनबाईनं पडदा बाजूला केला. बराच वेळ आत बघत राहिली. मग पडदा सोडला आणि अमोलकडे बघितलं. मी सांगितलं, फक्त मधली खोली सोडून सगळं घर ॲलर्जीमुक्त आहे, आणि त्या खोलीत कोणी झोपत नाही. ती म्हणाली, 'एकच रात्र राहतो बाबा, सण आहे म्हणून.' बघू. सकाळी पोरगी ठणठणीत उठली की आपोआप मत बदलेल.

छकुली समोरच्या खोलीत, नव्या गादीवर, माझ्याजवळ झोपली आहे. श्वास ऐकून आलो. एकदम साफ.

१६ जानेवारी, सोमवार. अकोला

काल लिहिता आलं नाही. पहाटे पोरीला श्वास घेता येईना. ओठ निळे. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. अमोलनं जीपवाल्याला उठवलं. रस्ताभर सूनबाई तिला उभी धरून बसली होती आणि मी छकुली, छकुली करत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती पण बोलू शकत नव्हती. मला भीती वाटली. वाचणारं कोणी नाही म्हणून लिहितो. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

इथे तोंडाला मास्क लावून वाफ दिली. संध्याकाळी जरा बरी. डॉक्टर पुन्हा तेच : घरात काय आहे? मी सांगितलं तीळ भाजले होते, धूर झाला असेल. देवमनची फटफटीही आहे. डॉक्टरनं मग पोरीलाच विचारलं की तू घरी खेळतेस कुठे. तिनं मास्क बाजूला केला आणि खुश होऊन सांगितलं, 'कापसात. आबा मले वरून टाकते, मी पुरी अंदर जातो.'

लेकरं काहीही बोलतात. रोज नाही. दिवाळीच्या सुमारास, माल नवीन आला तेव्हा, आणि नंतर अधूनमधून. तिला खूप आवडतं. ती अशी हसते की मलाही राहवत नाही.

मी तिला घ्यायला पुढे झालो तर सूनबाई मध्ये आली. रागावली नव्हती. म्हणाली, 'बाबा, आधी सदरा बदला.' तिनं माझी बाही झटकली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात बारीक पांढरं उडालं. दवाखान्याच्या गादीतलं असेल. इथल्या गाद्या कशा असतात हे सगळ्यांना माहीत आहे. बदलायला दुसरा सदरा आणला नव्हता. बाहेर बाकावर बसलो.

१८ जानेवारी, बुधवार

मी काल हिवरखेडला परतलो, मागोमाग अमोल आला. कधी नाही ते आवाज चढवला. म्हणाला, 'बाबा, कापूस घरात ठेवा नाई तं पोरीले ठेवा. दोन्ही नाई राहू शकत. मी अकोल्यात खोली पाह्यली.' बापाला असं बोलतात?

मी समजावून सांगितलं. मार्च आता किती लांब आहे? आत्ता विकला तर गाव म्हणेल, सुनेनं सासऱ्याकडून माल विकवला. आणि भावाचं काय? देवमन दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्यासमोर मी विका म्हणणार? अमोलनं पोरीचे कपडे घेतले, बाहुली घेतली. गुलाबी गादी घेतली नाही. मी दाराशी आणून ठेवली होती.

जाताना पाया पडला. ते नको होतं.

२० जानेवारी, शुक्रवार

एवढं सोपं कसं सुचलं नाही? मधली खोली एअरटाइट करायची. तेल्हाऱ्याहून प्लास्टिकचा मोठा ताव आणला, दाराला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून लावला. खिडकीलाही. फटींत कणीक भरली. आता आतलं आत, बाहेरचं बाहेर. अमोलला फोन केला. तो 'हो' म्हणाला आणि ठेवला.

२३ जानेवारी, सोमवार

उंदरांनी कणीक खाल्ली. मग प्लास्टिक.

२ फेब्रुवारी, गुरुवार

रुख्मिणी आज अकोल्याला गेली. सूनबाईनं तिथे नोकरी धरली आहे, पोरीजवळ कोणीतरी हवं. आठ दिवसांसाठी. जाताना कपडे न्हाणीत धुऊन, उन्हात वाळवून, वेगळ्या पिशवीत बांधले. मी विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, 'लेकराले हात लावा लागते मले.'

मला बोलली नाही, पण बोलली.

स्वयंपाक करता येतो मला. खिचडी.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस होऊन गेले. रुख्मिणी फोनवर म्हणाली, 'पोरगी आता रातची चांगली झोपते.' आनंद झाला. हेही म्हणालो की मग याल कधी? तिकडून म्हणाली, 'पाहू.'

बेसिनमध्ये खिचडीची भांडी. वर बुरशी. हिरवी, केसाळ. बुरशी हे ॲलर्जन आहे. पण इथे ॲलर्जी असलेलं कोणी नाही, त्यामुळे घाई नाही.

११ मार्च, रविवार

भाव चढलेला नाही. मार्चची सुरुवात आहे.

सगळ्या गावात घराघरात कापूस तसाच आहे. मीच एकटा नाही. मी, सूर्यभान मास्तर, चुकलो असं म्हणायचं तर अर्धं हिवरखेड चुकलं म्हणावं लागेल. पारावर बसलो की सगळे खाजवत असतात आणि पुढच्या आठवड्यात वाढेल म्हणत असतात. मला या लोकांची किळस येऊ लागली आहे. एवढं अंगावर उठलं आहे, दिसत नाही यांना? मीही खाजवत होतो, पण माझं डासांमुळे आहे.

३० मार्च, शुक्रवार

भाव उतरला. मार्च संपला.

फोनवर छकुलीनं मला एक कविता म्हणून दाखवली. इंग्रजी. एका दमात, न थांबता. मी मध्येच रडलो, ती म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, 'आबा, ऐकून राहिले का?'

१२ एप्रिल, गुरुवार

आज माल दिला. निर्णय पूर्णपणे माझा. पोरीच्या तब्येतीपुढे भाव काय? असं मी व्यापाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'चांगलं केलं गुर्जी, पण माल पिवळा पडला.' वजनही घटलं म्हणाला. मग क्वालिटी बघायला त्यानं खांद्यापर्यंत हात ढिगात घातला आणि काहीतरी ओढून काढलं. उंदीर. वाळून चपटा, कापूस चिकटलेला, दात बाहेर. त्यानं शेपटीला धरून वर केला, सगळ्यांनी बघितला. देवमननं फटफटी बंद करून बघितला. मला तिथेच ओकारी आली. भाव आणखी खाली आणला. मी घासाघीस केली नाही.

ट्रक भरताना घर आतून-बाहेरून पांढरं झालं. शेवटचं पोतं गेलं आणि मधली खोली दिसली. केवढी आहे. मी विसरलोच होतो.

२२ एप्रिल, रविवार

दहा दिवस काम. स्वतः. भिंती खरवडल्या, चुना दिला, फरशी पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली. कोपऱ्यातली मांजराची घाण चाकूनं काढली. खिडकीला जाळी. गुलाबी गादी सहदेवला देऊन टाकली आणि अकोल्याहून फोमची आणली, रेक्झिनच्या कव्हरसकट. ओल्या फडक्यानंच पुसायचं, झाडू नाही, हे डॉक्टरनं सांगितलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं बरोबर आहे.

खाज थांबली आहे. उन्हामुळे डास मेले.

मधली खोली छकुलीची. तिथे ती खेळेल, झोपेल, शाळेचा अभ्यास करेल. जूनपासून गावच्या शाळेत घालू, हेडमास्तर माझा विद्यार्थी आहे. अमोलला फोन केला : घर तयार आहे. तो म्हणाला, 'बाबा, येतो. पोरीलेबी आणतो. पयले पाहू तं द्या.' हे मी होकारासारखंच धरतो.

६ मे, रविवार. संध्याकाळ

आज आले. चौघंही. सकाळच्या पहिल्या जीपनं.

सूनबाईनं सगळं बघितलं. मधल्या खोलीच्या भिंतीवर बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. म्हणाली, 'बाबा, खूप केलं तुम्ही.' रुख्मिणी दारात उभी राहिली होती. पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली चुन्यानं झोंबते.

छकुली दिवसभर घरभर पळाली. उंच झाली आहे. दिवसभरात एक शिंक नाही, एक खोकला नाही, छाती अगदी शांत. मी कान लावून ऐकली. तिनं ऐकू दिली. माझ्याजवळ बसून आमरस खाल्ला, पूर्ण हात माखून घेतला, तेच हात माझ्या धुतलेल्या सदऱ्याला पुसले.

ऊन उतरलं तसं ती अमोलजवळ गेली आणि म्हणाली, 'बाबा, चाला ना आता घरी.'

मी म्हणालो, छकुले, हेच तर घर आहे. ती मला समजावू लागली, शांतपणे, जसं मी वर्गात समजावत असे : 'हे तुमचं घर आहे, आबा. आमचं अकोल्याले आहे. तिथं माही शाळा आहे.' मग म्हणाली तुम्ही पण या, पाहुणे म्हणून, आमच्याकडे एक उशी जास्तीची आहे.

शाळेत नाव घातलं आहे, अमोलनं नंतर सांगितलं. मार्चमध्येच. मला सांगणार होते. रुख्मिणी म्हणाली ती सूनबाईची सुट्टी बघून येत जाईल. पोरीची औषधं तिलाच माहीत आहेत. ते बरोबर आहे. औषधात गडबड नको.

जीप गेली. कपभर आमरस उरला आहे.

उद्या मधल्या खोलीला कुलूप आणायचं. उघडी ठेवली तर धूळ जाते.